आगोंदचं भाट, रात्रीचे दहा आणि दोन केव्हीए: एका ट्रॅव्हल ट्रेलरच्या जनरेटरची निवड

गोव्यात डिचोलीतलं एक निवृत्त शिक्षक जोडपं. दोघांनी हौसेनं सोळा फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बांधून घेतला. आत मोठा पलंग, नातवाला झोपता येईल असं बाकडं, छोटा ओटा, संडास-न्हाणी आणि भिंतीत बसवलेला एक टनाचा खिडकीचा एसी. रिकामं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. घरची डिझेल एसयूव्ही तो ओढते, आरटीओची नोंदणी झालेली आहे. मुक्कामाची मुख्य जागा काणकोणात, आगोंदच्या किनाऱ्यामागे बाईंच्या भावाचं माडांचं भाट, म्हणजे नारळाची वाडी. मधूनच चोर्ला घाट चढून बेळगावकडे किंवा आंबोलीला जायचा बेत. सगळं तयार होतं, राहिला होता जनरेटर.

माझा धंदा वीजजोडणीचा. ट्रेलरची वायरिंग तपासायला मला बोलावलं होतं आणि त्याच भेटीत सरांनी जनरेटरचं कोटेशन समोर ठेवलं. पाच केव्हीए (म्हणजे पाच हजार व्होल्ट-अँपिअरची क्षमता), पेट्रोल, उघड्या फ्रेमचा, सेल्फ स्टार्ट. दुकानदारानं एसीचा आकडा विचारला आणि त्यावरून यंत्र सुचवलं, असं सर म्हणाले. त्यांची मागणी एका वाक्याची होती: "रात्रभर एसी चालला पाहिजे आणि माझं मशीन चाललं पाहिजे." मशीन म्हणजे सीपॅप. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी हे यंत्र लावून दिल्यापासून त्याशिवाय ते झोपत नाहीत आणि झोपूही नये.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे दुकानदाराचा हिशेब चुकलेला नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं बरोबर दिलं होतं. पण जनरेटर किती वॅटचा हवा हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तो कुठे उभा राहणार आणि कोणत्या वेळी चालवता येणार, हे आधी ठरावं लागतं. गोव्यासारख्या दाट वस्तीच्या मुलखात तर नक्कीच.

पाच केव्हीए कुठून आला

खिडकीचा एसी चालू करून क्लॅम्प मीटर लावला. चालताना साधारण साडेचार अँपिअर, म्हणजे हजार वॅटच्या आसपास. पण कॉम्प्रेसर सुटतो त्या क्षणी आकडा तेवीसच्या घरात गेला. ठरावीक वेगानं फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचं असंच असतं. सुरू होताना तो नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढतो, अर्ध्या सेकंदापुरता का असेना. २३० व्होल्टला तेवीस अँपिअर म्हणजे पाच केव्हीएच्या थोडं वरच. छोटा जनरेटर त्या झटक्याला बंद पडतो किंवा त्याचं व्होल्टेज इतकं खाली येतं की कॉम्प्रेसर सुटतच नाही, नुसता गुरगुरतो आणि तापतो. म्हणून पाच केव्हीए.

आता त्यानंतरच्या आठ तासांचं बघा. उघड्या फ्रेमच्या साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर बांधलेलं असतं, कारण ५० हर्ट्‌झ त्या वेगातूनच येतात. भार हजार वॅट असो की चार हजार, वेग तोच आणि आवाजही जवळजवळ तोच. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या झटक्यासाठी घेतलेलं मोठं इंजिन रात्रभर पाचव्या हिश्श्याच्या भारावर भर वेगानं धावणार. पेट्रोल तासाला सव्वा लिटरच्या आसपास. लिटरला शंभर रुपये धरले तरी एका रात्रीचे हजार. शिवाय कमी भारावर तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनात काजळी धरते, प्लग काळा होतो.

सरांनी अमेरिकेतली माहितीही बरीच वाचली होती आणि तिथला सल्लाही मोठ्या यंत्राकडेच झुकतो. छतावरच्या १३,५०० बीटीयूच्या (म्हणजे एक टनाहून थोड्या मोठ्या) एसीला तीन हजार वॅटचा जनरेटर, असं सर्रास सांगितलं जातं. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा हीटर ही तिथली नेहमीची उपकरणं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत जनरेटरला पन्नास फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे आपल्या वस्तीतल्या मर्यादेपेक्षा ढिली. तिथले प्लॉट मोठे, शेजारचा ट्रेलर लांब. ते आकडे तिथे योग्य आहेत. आगोंदच्या भाटात शेजाऱ्याची पडवी पंचवीस मीटरवर आहे.

रात्रीचे दहा

बाईंना मी भाटाचा नकाशा कागदावर काढायला सांगितला. त्यांनी ट्रेलरची जागा, भावाचं घर, विहीर आणि शेजाऱ्यांचं घर दाखवलं. भावाचं घर चाळीस मीटरवर. शेजारचं पंचवीस मीटरवर, आणि त्या घरातली आजी उन्हाळ्यात पडवीतच झोपते. बाई म्हणाल्या, "तिला त्रास होईल असं काही मला तिथे न्यायचं नाही. मी तिच्या मांडीवर वाढले आहे." माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक आकडा त्या नकाशात होता: पंचवीस मीटर.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० सरासरी ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ सरासरी ४५ डेसिबल ही पातळी आहे. शिवाय आगोंद हा समुद्री कासवांच्या विणीचा किनारा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं घरट्यांवर पहारा ठेवतात. थंडीचे महिने हाच त्यांचा हंगाम आणि पर्यटकांचाही. किनाऱ्यामागे रात्रभर इंजिन घरघरवणं तिथे कोणालाच शोभत नाही.

जनरेटरच्या आवाजाचा आकडा वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कॅटलॉगात छापलेला सुखद आकडा बहुधा सात मीटरवरून आणि पाव भारावर मोजलेला असतो. यंत्रावरच्या पट्टीवरचा मोठा आकडा मात्र ध्वनिशक्तीचा असतो, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना केली की फसगत ठरलेली. मोकळ्या जमिनीवर ध्वनिशक्तीच्या आकड्यातून साधारण पंचवीस वजा केले की सात मीटरवरचा आकडा मिळतो. पुढे अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी.

कोटेशनमधल्या यंत्राच्या पट्टीवर ९६ होते. आपल्याकडे पेट्रोल आणि केरोसीनवरच्या जनरेटरला १ सप्टेंबर २००३ पासून ध्वनिशक्तीची मर्यादा ८६ डेसिबल आहे, तेव्हा खरेदी तिथेच थांबायला हवी होती. तरी हिशेब पुरा करू. ९६ म्हणजे सात मीटरवर ७१. तो आवाज ४५ वर यायला सव्वीस डेसिबल उतरले पाहिजेत, त्यासाठी अंतर वीसपट, म्हणजे १४० मीटर. आजीची पडवी पंचवीसवर. हे यंत्र त्या भाटात दिवसासुद्धा बसत नाही.

मग बंदिस्त खोक्यातला, इन्व्हर्टर जातीचा दोन केव्हीएचा जनरेटर घेतला तर? जवळजवळ पूर्ण भारावर तो सात मीटरला साठच्या आसपास धरावा. ५५ वर यायला बारा-तेरा मीटर पुरतात. ४५ साठी चाळीस मीटर लागतात. म्हणजे दिवसा आणि संध्याकाळी चालेल, रात्री दहानंतर नाही. माडांची खोडं आवाज अडवत नाहीत, झावळ्याही नाहीत. मध्ये चिऱ्याची भिंत असती तर गोष्ट वेगळी.

इथे निवडीचा प्रश्नच बदलला. कोणताही परवडणारा, उचलता येणारा जनरेटर त्या जागी रात्रभर चालवता येत नाही. मग रात्र बॅटरीवर काढायची आणि जनरेटरनं संध्याकाळच्या तीन तासांत तिची सोय करून ठेवायची. हे सरांना पटायला वेळ लागला. त्यांची भीती खरी होती: बॅटरी पहाटे संपली तर सीपॅप बंद. मी त्यांना उलट बाजू दाखवली. जनरेटरची टाकी पहाटे तीनला संपली तर सीपॅप बंद पडतोच, वर अंधारात तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतायला उठावं लागतं. तापलेल्या इंजिनात पेट्रोल भरणं हा जनरेटरच्या वापरातला फार धोक्याचा क्षण.

रात्रीचा भार, वॅट-तासांत

सीपॅपला आर्द्रता देणारं तापक बंद ठेवलं तर तीस-चाळीस वॅट पुरतात. आठ तासांचे ३२० वॅट-तास. तापक लावलं की भार दुपटीनं वाढतो, म्हणून गोव्याच्या दमट हवेत ते लागतं का हे सरांनी आपल्या डॉक्टरांना विचारलं आणि पंख्याच्या रात्री तापकाशिवाय झोपायची परवानगी घेतली. हा निर्णय डॉक्टरांचाच, वायरमनचा नव्हे. यंत्र उत्पादकाच्या डीसी अडॅप्टरनं थेट बारा व्होल्टवर जोडलं, म्हणजे मधल्या इन्व्हर्टरची (बॅटरीच्या बारा व्होल्टचे २३० करणाऱ्या यंत्राची) गळती वाचली आणि तो बिघडला तरी सीपॅप चालू राहतो.

दोन पंखे वीस-वीस वॅटचे, रात्रभराचे ३६०. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज थांबत-थांबत चालतो, त्याचे सव्वादोनशे. दिवे आणि फोन मिळून शंभर. बेरीज हजार वॅट-तासांच्या आसपास. दोनशे अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २,५६० वॅट-तास धरते. ऐंशी टक्के वापरायची म्हटली तर दोन हजार. एसीविना दोन रात्री, किंवा एक रात्र आणि सोबत दोनेक तास एसी.

हे दोन तास कुठून आले ते सांगायला हवं, कारण त्यासाठी जनरेटरच्या आधी एसी बदलावा लागला. खिडकीचा एसी काढून भावाच्या घरी दिला आणि पाऊण टनाच्या आसपासचा इन्व्हर्टर स्प्लिट बसवला. त्याचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, झटका देतच नाही. सुरुवातीला सातशे-आठशे वॅट, खोली गार झाली की साडेतीनशे-चारशे. सोळा फुटी खोलीला हे पुरेसं आहे, फक्त ट्रेलरच्या छताखाली उष्णतारोधक थर चांगला हवा. तो होता. तांब्याच्या नळ्यांना रस्त्याच्या हादऱ्यात तडा जाऊ नये म्हणून वळणांना लवचीक जागा सोडली आणि बाहेरचं युनिट रबराच्या बैठकीवर घेतलं. एसी तसाच ठेवून सॉफ्ट स्टार्टर लावणं हाही एक मार्ग होता आणि ज्यांचा छतावरचा एसी नवा आहे त्यांनी तोच घ्यावा. त्यानं सुरुवातीचा झटका अर्ध्यापेक्षाही खाली येतो. पण चालतानाचे हजार वॅट हजारच राहतात, आणि बॅटरीवर ते फार होतात.

छतावर सौर पॅनल का नाही, हा प्रश्न मलाही आवडीचा आहे. डिचोलीत अंगणात उभा असताना चारशे वॅटचं पॅनल ऑक्टोबर ते मे उत्तम काम करील. पण मुक्कामाची जागा माडांखालची. सावलीत पॅनलचं उत्पन्न नाममात्र, कारण एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी पॅनलची शक्ती बरीच उतरते. आणि माडाखाली नारळ पडतो. ट्रेलर कुठे लावायचा हे भावानं पाडेल्याला (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) विचारून ठरवलं, वरचे नारळ आधी उतरवून घेतले. सावली हवी म्हणून तर तिथे मुक्काम. सौर पॅनल पुढे आंबोलीच्या बेतासाठी बघू, असं ठरलं.

यंत्र ठरलं

दोन केव्हीएचा, बंदिस्त, पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर. यात इंजिनावर तयार झालेली वीज आधी डीसी केली जाते आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यातून शुद्ध साइन लहरीचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ बनवतात. त्यामुळे इंजिनाला ३,००० फेऱ्यांचं बंधन नाही, भार कमी तर वेगही कमी. वॅटमागे किंमत साध्या जनरेटरपेक्षा जास्त पडते. ती मी विनातक्रार द्यावी असं सांगितलं.

संध्याकाळचा भार असा: एसी आठशे, बॅटरीचा चार्जर साडेसहाशे. साडेचौदाशे वॅट. या वर्गातल्या यंत्रांची सलग क्षमता सोळाशे ते अठराशे वॅट असते, तेव्हा बसतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत असतो तो कमाल आकडा. आपल्याला लागतो तो सलग चालण्याचा. मिक्सरवर वाटप करायचं असेल तर पाच मिनिटं एसी बंद. माशाच्या आमटीला खोबरं वाटायचं असतं त्या वेळी दार उघडंच असतं, बाईंची काही तक्रार नव्हती. इंडक्शनची शेगडी आणि तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर यादीतून काढले, स्वयंपाक आणि गरम पाणी गॅसवर. या दोन वस्तूंपायी लोक जनरेटर दुप्पट करतात आणि दिवसातून वीस मिनिटं वापरतात.

चार्जर निवडताना एक बारकी गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी (व्हीए) खरोखर कामी येणाऱ्या वॅटचा हिस्सा, ०.६५ च्या आसपास असतो. साडेसहाशे वॅटसाठी तो जनरेटरवर हजार व्हीएचा बोजा टाकतो, आणि छोट्या जनरेटरला बोजा व्हीएतच मोजून येतो. वॅटची बेरीज बसते पण यंत्र ओव्हरलोडचा लाल दिवा दाखवतं, मग दोष जनरेटरला. पॉवर फॅक्टर सुधारलेला चाळीस अँपिअरचा चार्जर घेतला. तीन तासांत तो सोळा-सतराशे वॅट-तास बॅटरीत घालतो. तेवढ्या वेळात पेट्रोल पावणेतीन-तीन लिटर, म्हणजे टाकी एकदा भरली की संध्याकाळ निघते.

डिझेलचा पर्याय सरांनी मांडला होता, गाडी डिझेलची म्हणून. छोटा डिझेल जनरेटरसुद्धा शंभर किलोच्या आसपास जातो आणि थरथरतो फार. सोडून दिला.

वजनाचा मुद्दा मात्र थोडा थांबून बघण्यासारखा आहे. पाच केव्हीएचा उघडा जनरेटर ऐंशी-नव्वद किलोचा. तो ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्यावर ठेवला तर गाडीच्या हुकवरचा भार एकदम वाढतो, एसयूव्हीचं मागचं बूड बसतं आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. मागच्या टोकाला ठेवला तर आणखी वाईट. हुकवरचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. काणकोणला जाताना बाळ्ळीनंतर करमल घाट उतरायचा असतो. तिथे वळणावर समोरून ट्रक येत असताना हे परवडणारं नाही. दोन केव्हीएचं यंत्र वीस-पंचवीस किलोचं. ते पुढच्या हवेशीर पेटीत बसतं आणि साठी ओलांडलेली दोन माणसं ते उचलून खाली ठेवू शकतात. पुढे गरज वाढलीच तर तसंच दुसरं यंत्र घेऊन दोन्ही समांतर जोडता येतात. पॅरलल जोडणीची सोय असलेलंच मॉडेल घ्यायला सांगितलं ते म्हणून.

समुद्रसपाटीला क्षमतेत घट धरायची गरज नाही. उंचीवर दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के शक्ती कमी होते. आंबोली सातशे मीटरच्या आसपास, तेव्हा तिथे आठ टक्के. तिथे एसी कोण लावतो!

वारा उलटतो तेव्हा

जनरेटर ट्रेलरपासून निदान सहा मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायचा, एवढं सगळे सांगतात. किनाऱ्यावर त्यात एक अडचण आहे. दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून जनरेटर पूर्वेला ठेवला की धूर लांब जातो. पण सूर्य मावळल्यावर हा वारा पडतो आणि पुढे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. आपला जनरेटर चालायची वेळ नेमकी या बदलाची. सात वाजता बरोबर असलेली जागा नऊ वाजता चुकीची ठरू शकते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस दमला असेल असं वाटून त्याला झोपू देतात. ट्रेलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाच्या उंचीवर बसवला. मी यावर अडून बसलो. जनरेटर ट्रेलरच्या दक्षिणेला, पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या आडव्या बाजूला, दहा मीटरवर ठेवायचा, शेजाऱ्यांपासून लांबच्या अंगाला. पुढच्या पेटीत असताना कधीही चालू करायचा नाही, पाऊस आला तरी नाही. त्या बाजूची खिडकी बंद. पंधरा मीटर लांबीची, अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घेतली. आठ अँपिअरला तिच्यात दोन व्होल्टसुद्धा पडत नाहीत, तेव्हा केबल लांब झाली म्हणून जनरेटर जवळ आणायचं कारण उरत नाही.

टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी होती, म्हणजे करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच. सर जनरेटरवर तिचं टेस्ट बटण दाबून बघायचे, ती पडायची आणि ते निश्चिंत व्हायचे.

घरच्या विजेत न्यूट्रल वीजखात्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. फेज ट्रेलरच्या पत्र्याला लागला की करंटला जमिनीतून परत जायची वाट मिळते, आणि ती गळती पाहून आरसीसीबी पडते. छोट्या पोर्टेबल जनरेटरच्या बहुतेक मॉडेलांत दोन्ही तारा तरंगत्या असतात, कोणतीच जमिनीला नाही. तिथे पहिला दोष झाला तरी करंटला परतीची वाटच नाही, म्हणून आरसीसीबी गप्प. दुसऱ्या तारेचा दोष झाला की दोन वस्तूंना हात लावणारा माणूस मधे सापडतो. टेस्ट बटण मात्र आतल्या आत एका बाजूच्या फेजपासून दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलपर्यंत एक रोध जोडतं. त्याला जमीन लागतच नाही. म्हणून संरक्षण नसतानाही बटण दाबलं की ती पडते.

उपाय साधा आहे. जनरेटरच्या केबलच्या प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांची जोड करायची आणि त्या प्लगला लाल टेप लावायचा. जनरेटरची पुस्तिका वाचून, ती जोड उत्पादकाला चालते हे पाहून. भावाच्या घरच्या विजेवर ट्रेलर असताना ही जोड तिथे नसलीच पाहिजे, म्हणून ती ट्रेलरच्या आत करायची नाही. दोन पुरवठ्यांमध्ये दोन ध्रुवांचा चेंजओव्हर स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मध्ये बंदची जागा असलेला. नंतर टेस्टर लावून, खरी गळती देऊन आरसीसीबी पडते का ते बघितलं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

हंगामात काय झालं

डिसेंबरात एसी लागलाच नाही. संध्याकाळी जनरेटर लावायचा, नऊच्या आत बंद, रात्रभर पंखे आणि सीपॅप. सकाळी बॅटरी निम्म्याच्या वरच असायची. आजीला जनरेटर आणल्याचं नातवानं दाखवलं तेव्हा कळलं.

इको मोडची सवय व्हायला वेळ लागला. इको चालू असताना इंजिन मंद वेगात असतं आणि मिक्सर एकदम लावला की दिवे दबतात. एसी किंवा मिक्सर लावण्याआधी इको बंद, भार स्थिर झाला की पुन्हा चालू.

मे महिना वेगळा. रात्री आठला खोली गार करून ठेवली, दहाला जनरेटर बंद झाल्यावर बॅटरीवर एसी बाराच्या सुमाराला थांबवावा लागतो. पुढे पंखे आणि जाळीच्या खिडक्या. दमट रात्री सरांना ते जड जातं. एसीच्या कोरड्या हवेत त्यांना तापकही लावावंसं वाटतं, म्हणजे बॅटरी आणखी लवकर उतरते. अशा रात्री भावाच्या घरून सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून वीज घेतात. तेव्हा अख्खी रात्र एसी चालतो आणि जनरेटर पेटीतून बाहेरही येत नाही. मेच्या शेवटी वळवाच्या वाऱ्यात माड तारांवर कोसळतो आणि सगळी वस्ती अंधारात जाते, तेव्हा संध्याकाळी तोच जनरेटर ट्रेलरबरोबर भावाच्या घरचा फ्रिजही सांभाळतो. फ्रिजची तार थेट जनरेटरवरून, घराच्या वायरिंगमध्ये उलटी वीज कधीही सोडायची नाही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यात जातो.

पेट्रोलसाठी दहा लिटरचा धातूचा कॅन आहे. स्वतःच्या वापरासाठी तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही, पण ट्रेलरच्या आत तेवढंही नको, हुकाजवळच्या पेटीत ठेवायचं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, म्हणून यंत्र वीस टक्क्यांना चालतं का हे विक्रेत्याकडून लेखी घेतलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याखेरीज दुसरं असतं काय? जूनच्या आधी टाकी रिकामी करायची, इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. खारा थर ओल्या फडक्यानं पुसून सायलेन्सरच्या आणि टर्मिनलच्या स्क्रूंना तेलाचा हात. चतुर्थीच्या आधी ताजं पेट्रोल घालून भारावर चालवून बघायचं. इंजिन तेल पहिल्या वीस तासांनी बदललं, पुढे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते.

दुसरी बॅटरी घ्यावी का, हा प्रश्न अजून उघडा आहे. ती पंचवीसेक किलोची आणि मेमधली रात्र पहाटेपर्यंत नेईल. पण दोन्ही भरायला याच चार्जरनं सात तासांच्या वर लागतील, म्हणजे दुपारपासून दहापर्यंत आजीच्या कानावर इंजिन. बाई त्याला तयार नाहीत. भावाच्या घरून येणारी केबल अधिक पक्की करून जमिनीखालून पाइपात घालायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे, आणि मोजमाप घ्यायला मी पावसाआधी जाणार आहे.